मामंजींचं कुरण

माझं माहेर आष्ट्याच्या बाजूचं. जमीन काळी, ओली झाली की पायाला धरून ठेवणारी. घरामागं ऊस, त्याच्या पलीकडं हळद, आणि गुऱ्हाळ लागलं की महिनाभर सगळ्यांच्या अंगाला काकवीचा वास. गोठ्यात तीन म्हशी होत्या. येईल त्याला तांब्याभर ताक दिल्याशिवाय आमची आई उंबरा ओलांडू देत नसे. अशा घरातली मी लढाईच्या दिवसांत लग्न होऊन पूर्वेच्या कोरड्या मुलखात गेले, खरसुंडीच्याही वरच्या अंगाला.

माझ्या वडिलांनी हे स्थळ पाहिलं ते बैलांवरून. आमच्या दावणीला दोन पिढ्या त्याच घरचे खिलार बैल होते. मुलगा पलटणीत नोकरीला आहे, गाव लांब आहे, पाण्याची ओढाताण आहे, हे सगळं आईनं बोलून दाखवलं. वडील म्हणाले, ज्या घरची जनावरं एवढी शहाणी, त्या घरची माणसं वाईट निघायची नाहीत.

लग्नानंतर वरात बैलगाडीनं निघाली, दोन दिवसांची वाट. माझ्या नवऱ्याची रजा संपायला आठ-दहा दिवस उरले होते. रस्त्यानं झाडं लहान होत गेली, मग नुसती बाभळ उरली, मग तीही विरळ झाली. सासरे गाडीत बसलेच नाहीत. पांढरा पटका, हातात काठी, दोन्ही दिवस ते बैलांच्या पुढं चालत होते. मला वाटलं, माणूस तऱ्हेवाईक आहे. नंतर कळलं, ती जोडी नवी होती आणि तिचा तो पहिला लांबचा प्रवास होता. आपलं ओझं तिच्या मानेवर नको म्हणून ते चालत आले होते.

गाव दिसायला लागल्यावर त्यांनी गाडी गावाकडं न वळवता डावीकडं घातली. एका लांबलचक दगडी बांधापाशी थांबवली. बांधाच्या आत डोंगराच्या उतारावर गवतच गवत होतं. कमरेएवढं, वाळून पिवळं पडलेलं, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं. सासऱ्यांनी लाकडी कवाड उघडलं आणि मला खाली उतरायला सांगितलं. शालू सावरत मी उतरले. कपाळाला मुंडावळ्या, पायात नवी जोडवी, आणि गवताची कुसळं पायाला टोचताहेत.

"हे आदी बग," ते म्हणाले. "घर काय, कवाबी बांदता येतं. हे बांदता येत न्हाई."

मी मान खाली घालून उभी राहिले. मनातून मला रडू येत होतं. घरी सासूबाई मापात तांदूळ भरून, भाकरतुकडा हातात घेऊन दारात खोळंबल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी सासऱ्यांकडं असं पाहिलं की मला त्यांचा एकदम आधार वाटला. त्यांना मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी.

कुरण ऐंशी एकरांच्या आसपास होतं. मामंजींच्या आजोबांनी ते राखायला सुरुवात केली. उतारावरचे दगड वेचून आजोबांनी आणि नंतर वडिलांनी भोवतीचा बांध रचला. त्या बांधाच्या आत तीन पिढ्यांत कुणी नांगर घातला नव्हता. कुरणाचे तीन भाग होते. पावसाळ्यात एका भागात जनावरं, दोन भाग बंद. पुढच्या वर्षी पाळी बदलायची. गवताचं बी जमिनीवर पडल्याशिवाय विळा लावायचा नाही, ही मामंजींची सक्त ताकीद. आजूबाजूच्या गावांतली कुरणं मृगातच चरून बोडकी व्हायची. आमच्या कुरणात दिवाळीनंतर कापणी सुरू होई आणि पेंढ्यांच्या गंज्या बांधाला लागून उभ्या राहत.

गोठ्यात लहानमोठी मिळून तीसेक जनावरं होती. सगळी खिलार. पांढरी, सडपातळ, लांब शिंगांची, आणि तापट. परका माणूस जवळ आला की फुरफुरायची. त्यातल्या बावीस गाई होत्या, आणि घरात चहाला दूध नव्हतं. पहिल्या सकाळी आत्याबाईंनी गुळाचा कोरा चहा पुढं ठेवला तेव्हा मला वाटलं, त्या विसरल्या. मी चरवी घेऊन गोठ्याकडं निघाले. त्यांनी हसत हसत मला परत बोलावलं. या घरात गाईचं दूध वासराचं, असं त्यांनी सांगितलं. वासरू पिऊन उरलं तर घरात, आणि उरत कधी नाही. स्वतः त्यांनी संसाराच्या पहिल्या वर्षी मामंजींची नजर चुकवून एक वाटी दूध काढलं होतं. वासरू पुरेसं प्यायलेलं नाही हे मामंजींना त्याच्या पाठीवरून हात फिरवताच कळलं. ते रागावले नाहीत. संध्याकाळी स्वतःच्या वाटणीची भाकरी त्यांनी त्या गाईला घातली आणि उपाशी झोपले. त्यानंतर आत्याबाईंनी कधी चरवी उचलली नाही.

नवरा रजा संपवून पलटणीत गेला आणि काही महिन्यांनी दर्यापार. माझी आणि त्याची धड ओळखही झाली नव्हती. तो पुढं साडेतीन वर्षं आला नाही. त्या साडेतीन वर्षांत त्याच्यापेक्षा मला मामंजीच जास्त कळले, आणि त्याला कारण झाली पत्रं.

मी मराठी चौथी पास होते. घरात लिहितावाचता येणारी मी एकटी. मामंजींना पत्र वाचून दाखवायचं तर सासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं कसं, हा प्रश्न पहिल्यांदा आला. आत्याबाईंनी तो सोडवला. मी दाराच्या आत बसायचं, मामंजींनी ओसरीवर पाठ करून बसायचं. मी वाचायची, ते ऐकायचे. कागदावर कुठं कुठं काळी शाई फासलेली असे. तिथं मी थांबले की ते विचारायचे, "काय झालं?" मी सांगायची, सरकारनं पुसलंय. मग ते म्हणायचे, पुसलेलं सोड, पुढचं वाच.

उत्तर लिहायला बसले की मात्र ते तासभर सांगत राहायचे. त्यात घरच्या माणसांविषयी एक ओळ असे, सगळी खुशाल आहेत. बाकी सगळं कुरण आणि जनावरं. काळ्या शिंगाच्या गाईला कालवड झाली. तिच्या कपाळावर भोवरा आहे. तिची आजी तशीच होती. ओढ्याकडच्या भागात यंदा पवन्या गवत दाट आहे. मी लिहीत जायची. एकदा त्यांनी सांगितलं, नव्या खोंडाची छाती भरली आहे असं लिही. मी लिहिलं. त्यांनी विचारलं, "तू बगितलंस?"

मी नाही म्हणाले.

"मग लिवू नगंस. बगून ये, मग लिव."

मी पदर सावरत गोठ्यात गेले. छाती भरली म्हणजे काय ते मला कळेना. परत येऊन दाराआडून तसं सांगितलं. ते उठले, गोठ्यात आले, आणि काठीनं खोंडाच्या पुढच्या दोन पायांमधली जागा दाखवली. शेजारी दुसरं खोंड उभं केलं आणि फरक दाखवला. तिथून आमचा तो पायंडाच पडला. पत्रात जे लिहायचं ते आधी डोळ्यांनी पाहायचं. गाय गाभण आहे हे पोट दिसायच्या आधी कशावरून ओळखायचं, खुरं कशी असावीत, वशिंड कुठं झुकलं की जनावर दमलंय, हे सगळं मी नवऱ्याला पत्र लिहिता लिहिता शिकले. गवतही तसंच. जिथं पवन्या आणि मारवेल वाढतं तिथं खाली माती खोल असते. कुसळी आली की खडक जवळ आहे असं समजायचं. मामंजी हे शिकवतो आहोत अशा थाटात कधी बोलले नाहीत. पत्रात नीट यावं एवढंच त्यांचं म्हणणं असे.

प्रत्येक गाईची आई, आजी, पणजी त्यांना तोंडपाठ होती. मी एका वहीत त्या वंशावळी लिहून काढल्या. सात पिढ्यांपर्यंत मागं गेल्यावर ते थांबले आणि म्हणाले, याच्या आधीचं माझ्या बापाला माहीत होतं, मी विचारायचं राहून गेलं. बोलताना त्यांचा आवाज जरा उतरला होता. पहिल्यांदाच मला त्यांच्याविषयी माया वाटली.

दोन वर्षं अशी गेली. मग एका हिवाळ्यात जत्रेवरून परतलेल्या लोकांनी बुळकांडीची बातमी आणली. हा रोग जनावराला ताप आणतो, डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, आणि मग जुलाब. आठ दिवसांत गोठा रिकामा होतो. खालच्या दोन गावांत गुरं मरायला लागली होती. मामंजींनी त्याच दुपारी सगळी जनावरं कुरणाच्या अगदी वरच्या भागात नेली आणि स्वतः तिथंच राहिले. रोग माणसाच्या पायांवरून येतो असं ते म्हणत. कवाडाच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही. मी बांधावर भाकरी ठेवायची आणि वीस पावलं मागं व्हायचं. मग ते खाली येऊन भाकरी उचलायचे.

चौथ्या-पाचव्या दिवशी गावात जनावरांचा सरकारी डॉक्टर आला. बरोबर लशीची पेटी होती. चावडीपुढं लोकांनी गर्दी केली, पण जनावर पुढं कुणी आणेना. सुईनं रोग जातो की येतो, हीच शंका. शेवटी चार-पाच घरांनी आणली. मी भाकरी ठेवून बांधाबाहेर पाठमोरी उभी राहिले आणि मामंजींना हे सांगितलं. ते म्हणाले, आपल्या जनावराला सुई नको. त्यांच्या लहानपणी कुणीतरी देवीचं औषध म्हणून टोचलेल्या दोन गाई त्यांनी पडताना पाहिल्या होत्या. विषय तिथंच संपला.

माझ्या मनातून मात्र तो संपेना. मी रोज सकाळी चावडीपलीकडच्या वाड्यात जाऊन टोचलेली जनावरं पाहायला लागले. बायका मला हसल्या. तिसऱ्या दिवशी टोचलेल्या गुरांना ताप चढला, ती मान टाकून उभी राहिली. मी घाबरले. पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरला. आठव्या दिवशी त्यातली एक म्हातारी गाय रवंथ करत बसली होती. शेजारच्या आळीत न टोचलेल्या दोन बैलांना त्याच दिवशी जुलाब सुरू झाले.

डॉक्टर पुढच्या गावाला निघायच्या तयारीत होता. मी पदर डोक्यावर ओढून त्याच्यापुढं उभी राहिले आणि कुरणापर्यंत चला म्हणाले. परक्या पुरुषाशी बोलायची ती माझी पहिलीच वेळ. आत्याबाई माझ्यामागं होत्या. त्याही बरोबर चालायला लागल्या. गुडघे दुखत असताना तो चढ त्या चढल्या.

बांधाच्या आत मामंजी काठी धरून उभे होते. डॉक्टरकडं न बघता त्यांनी मला विचारलं, "ह्याला कुणी आणलं?"

"म्या," मी म्हणाले. दाराचा आडोसा नव्हता, पाठही नव्हती. त्यांच्याशी मी पहिल्यांदाच समोरासमोर बोलत होते. "मामंजी, आट दिस मी गावातली टोचलेली जनावरं रोज बगितली. ताप येतो. मग उतरतो. त्यातलं एकबी मेलं न्हाई."

"सवता बगितलंस?"

"सवता. हात लावून बगितलं."

मग त्यांनी कवाडाची कडी काढली. डॉक्टरला पाय धुवायला लावले, पेटीच्या तळालाही चुन्याचं पाणी लावलं, आणि एकेक जनावर स्वतः धरून पुढं केलं. तापाचे दिवस त्यांनी कुरणात उभ्यानं काढले. दोन म्हाताऱ्या गाई आणि एक अशक्त कालवड गेली. बाकी सगळी वाचली. गावात निम्मे गोठे ओस पडले होते. त्या वर्षी पेरणीला आमच्या घरचे बैल आळीपाळीनं अकरा घरांत गेले.

खाली आल्यावर मामंजींनी आत्याबाईंना सांगितलं, आजपासून सून माझ्याशी दाराआडून बोलणार नाही. आत्याबाई म्हणाल्या, तुमी उगाच इतकी वर्सं भिंतीकडं तोंड करून बसला. त्या घरातलं ते मला मिळालेलं सगळ्यात मोठं मानाचं पान होतं.

लढाई संपली आणि काही महिन्यांनी माझा नवरा परत आला. इटलीपर्यंत जाऊन आला होता. गेला तेव्हा सडपातळ पोरगा होता, आला तो रुंद खांद्याचा, कमी बोलणारा माणूस. आत्याबाईंनी त्याच्यासाठी पुरण घातलं. मामंजी त्याला लगेच गोठ्यात नेऊ पाहत होते. पत्रांतून सांगितलेली प्रत्येक कालवड त्यांना त्याला दाखवायची होती. तो म्हणाला, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाला. असे पंधरा दिवस गेले. तो शेतावर जायचा, विहिरीची जागा शोधत फिरायचा, पण गोठ्याच्या बाजूनं गेला तर मान वळवायचा.

मग एका सकाळी जेवताना त्यानं सांगितलं, कुरण नांगरायचं. निदान अर्धं. तिकडं त्यानं इंजिनानं पाणी चढवलेलं पाहिलं होतं. डोंगराच्या उतारावर द्राक्षं पाहिली होती. सरकारही धान्य पिकवा म्हणून सांगत होतं. आपण ऐंशी एकर गवत सांभाळून बसलोय, लोक हसतील.

मामंजींनी ताटातला हात थांबवला. "माज्या आज्यानं हे दगूड येचलं. ते काय द्राक्षासाटनं?"

"आज्यानं त्याच्या टायमाला बरूबर केलं. आपुन आपल्या टायमाचं बगावं."

एवढंच बोलणं झालं आणि दोघांनी एकमेकांशी अबोला धरला. मामंजींना काही सांगायचं असलं की ते माझ्याकडं बघून म्हणत, त्याला सांग. नवरा म्हणे, त्यांना सांग. दोघं एकाच ओसरीवर चार हातांवर बसलेले असत. महिनाभर हा प्रकार चालला. आत्याबाई कंटाळल्या. एक दिवस त्यांनी दोघांना मिळून एकच ताट वाढलं आणि दुसरं ताट फुटलंय म्हणाल्या. काशाचं ताट कसं फुटेल, हे विचारायची दोघांचीही हिंमत झाली नाही. दोघं एका ताटात मुकाट जेवले.

नवऱ्याच्या मनातलं मला कळलं ते एका दुपारी. मी त्याची भाकरी घेऊन बांधावर गेले होते. आत जनावरं चरत होती आणि तो बांधावर त्यांच्याकडं पाठ करून बसला होता. मी साधंच विचारलं, तुम्हाला या जनावरांचा एवढा राग का आला आहे?

तो म्हणाला, राग नाही. मग हातातला भाकरीचा तुकडा त्यानं फडक्यावर ठेवला. तिकडंही अशीच जनावरं आहेत, तो सांगायला लागला. पांढरी, मोठी, लांब शिंगांची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, आपलीच खिलार इथं कशी आली. एका गावात एका शेतकऱ्याच्या बैलांना त्यानं मानेवर थोपटलं होतं. म्हातारा शेतकरी हसला होता. त्याची भाषा कळत नव्हती, पण बैलांविषयी दोघं खुणांनी बोलले. दोन दिवसांनी त्या गावावर तोफगोळे पडले. पलटण परत त्या रस्त्यानं गेली तेव्हा ती जोडी जुवासकट रस्त्याच्या कडेला पडलेली होती. पुढं कितीतरी मैल तसंच होतं. शेतं, ओढे, सगळीकडं पांढरी जनावरं पडलेली.

"हितं आलो आन् गोठ्याकडं बगितलं," तो म्हणाला, "तर मला ही उबी दिसंनात. पडलेलीच दिसत्यात."

हे त्यानं कुठल्याच पत्रात लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तरी शाई फासली गेली असती. मी त्याच्या शेजारी बसले. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथंच होतो. आमचं लग्न खऱ्या अर्थानं त्या दुपारी लागलं असं मला वाटतं.

मामंजींना सांगावं की नाही, हा विचार मी दोन दिवस केला. इतकी वर्षं त्याचं प्रत्येक पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. हेही एक पत्रच आहे असं मी मनाशी ठरवलं. ओसरीवर ते दावं वळत बसले होते. मी समोर बसून सगळं सांगितलं, नवऱ्यानं सांगितलं तसंच, काही न वाढवता. दाव्याचा पीळ त्यांच्या हातातून सुटला. ते एवढंच म्हणाले, "आन् मी त्याला पत्रातनं निस्ती जनावरंच सांगत हुतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अबोला मोडला. लेकाला थेट हाक मारली आणि सांगितलं, दोन खोंडं जुवाला लावायची आहेत, माझ्या हातात आता तेवढा जोर नाही. खरं तर त्यांच्या हातात भरपूर जोर होता. नवऱ्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी नजर खाली केली. तो उठला.

न शिकवलेली दोन खिलार खोंडं जुवाला लावणं म्हणजे वादळाला दोरी बांधणं. कासरा हातात घेताच दोघांनी उसळी मारली आणि कुरणाच्या खालच्या अंगाला सुसाट पळाली. कासरा नवऱ्यानं सोडला नाही. तो पन्नास पावलं पळाला, मग पडला, मग पोटावर घसरत कुसळीच्या रानातून ओढत गेला. मामंजी बांधावर उभे राहून ओरडत होते, सोडू नगं गड्या, सोडू नगं. शेवटी खोंडं ओढ्याच्या चढाला दमून थांबली. आम्ही धावत गेलो तर तो उठून दोघांच्या मानेत हात घालून उभा होता, धापा टाकत, आणि हसत होता. परत आल्यापासून त्याला हसताना मी पाहिलं नव्हतं. पलटणीची त्याची खाकी पँट कुसळांनी साळिंदरासारखी झाली होती. मी आणि आत्याबाई पूर्ण दुपार ती कुसळं उपटत बसलो होतो.

पुढचे दोन महिने तो रोज त्या खोंडांच्या मागं होता. हळूहळू गोठ्यात जायला लागला. रात्री दचकून उठणं त्याचं लगेच थांबलं नाही, पुढं कित्येक वर्षं होतं, पण जनावरं त्याला पुन्हा उभी दिसायला लागली.

नांगराचा विषय मात्र त्यानं सोडला नव्हता. आता तो भांडत नव्हता, समजावत होता. धान्य कमी पडतं हे खरं होतं. पाऊस दोन वर्षं ओढ देत होता आणि आम्ही ज्वारी बाहेरून आणत होतो. मामंजींनाही ते दिसत होतं. एक दिवस ते म्हणाले, "कुरणाचं मला इचारू नगंस. हिला इचार. तिनं इतकी वर्सं लिवलंय, तिला ठावं हाय."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण ते गंभीर होते. दोघं माझ्याकडं बघत राहिले. एकाचं ऐकलं तर दुसरा दुखावणार. मग मला वाटलं, यात ऐकण्यासारखं काहीच नाही, बघण्यासारखं आहे. मी दोघांना घेऊन कुरणात गेले. वरच्या उतारावर कुसळी होती. तिथं नवऱ्याला पहार मारायला सांगितली. चार बोटांवर खडक खणकन वाजला. मधल्या भागात थांबलो, तिथं वीतभर माती. मग मी त्यांना ओढ्याच्या कडेच्या कोपऱ्यात नेलं. अडीच-तीन एकरांचा तुकडा, पवन्या नि मारवेलीनं गच्च. पहार दांड्यापर्यंत आत गेली.

"हितं नांगरा," मी म्हणाले. "हीरबी हितंच खणा. वरचं गवत उपटलं तर वरची माती एका पावसात ओढ्यात येईल, मग हेबी ऱ्हाणार न्हाई."

नवरा उकिडवा बसून पहारीला लागलेली माती बोटांनी चुरत राहिला. त्या कोपऱ्यात नांगराचं पहिलं तास मामंजींनी स्वतः धरलं. ज्या बांधाच्या आत तीन पिढ्या नांगर गेला नव्हता, तिथं ते ओणवे होऊन चालले. तास संपल्यावर त्यांनी मूठभर माती उचलून हुंगली. डोळे ओले झाले होते, ते त्यांनी पटक्याच्या शेवानं पुसले आणि नांगर लेकाच्या हातात दिला.

विहिरीला पाणी लागलं. फार नाही, पण त्या तीन एकरांना पुरेल एवढं. ज्वारी झाली, भुईमूग झाला, वासरांना हिरवा मका झाला. बाकीचं कुरण होतं तसंच राहिलं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी मामंजींनी जत्रेला जाणं बंद केलं. दृष्टी कमी झाली होती. त्यांनी मला जायला सांगितलं. बायका जत्रेला जात, देवदर्शनाला, बांगड्या भरायला. जनावरांच्या बाजारात बाई उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. नवरा बरोबर होता. त्यानं खोंडांची जोडी झाडाखाली बांधली आणि स्वतः जरा मागं उभा राहिला. कर्नाटकाच्या बाजूचा एक म्हातारा गिऱ्हाईक आला. जोडीभोवती दोनदा फिरला, दात पाहिले, आणि नवऱ्याला विचारू लागला, यांच्या आया कशा होत्या, कामाला कशी आहेत.

"मला न्हाई, त्यास्नी इचारा," नवऱ्यानं माझ्याकडं बोट केलं. "मालकीण त्या हायत."

म्हातारा गोंधळला. मग पटका सावरून माझ्याकडं वळला आणि मला आवंजावं करत बोलायला लागला. मी त्याला आधी त्याचे स्वतःचे बैल दाखवायला सांगितलं. ते बाजाराच्या टोकाला बांधलेले होते. मी त्यांच्या मानेवर हात फिरवला. जू लागून घट्टा पडलेला नव्हता, कातडी मऊ होती, पायांना तेल लावलेलं होतं. त्या माणसाला मी ती जोडी दिली आणि दोन्ही खोंडांची आई, आजी, पणजी सगळी सांगितली. तो उन्हात उभा राहून शेवटपर्यंत ऐकत होता.

घरी आल्यावर मामंजींनी विचारलं, कुणाकडं दिलीस? मी त्या म्हाताऱ्याच्या बैलांच्या मानेविषयी सांगितलं. त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग आत्याबाईंना हाक मारून म्हणाले, सुनेला आज चहात दूध घाल. आत्याबाई उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाल्या, आणू कुठनं, तुमच्याच गाईंना विचारा.